आता हूँ

१

दुपारचं जेवण झालं की विष्णू चपला पायांत सरकवायचा, जिन्याच्या तोंडाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "आई, येतो."

आई उत्तर द्यायची नाही. बाकी बोलायची. बिजली गेली म्हणून बोलायची, दूधवाल्याशी भांडायची, विष्णूच्या डोक्यावर नुकत्याच उगवलेल्या केसांवरून हात फिरवायची. पण फाल्गुनात मुकुलदादा गेला, तेव्हापासून या एका शब्दाला उत्तर द्यायचं तिनं सोडून दिलं होतं.

काशीतल्या ब्रह्मा घाटावरची ही मराठी घरं. हिंदी त्यांच्या हाडामांसात मुरलेली. भाजीची सब्जी झाली, शेजाऱ्यांचे पडोसी झाले, विष्णूच्या वयाची पोरं तर भांडायचीही हिंदीतच. पण एक गोष्ट कोणी सोडली नव्हती. घराबाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही. निघणाऱ्यानं 'येतो' म्हणायचं आणि घरातल्यानं 'ये' म्हणायचं. एवढं झालं की माणूस परतायला बांधला गेला. त्या सकाळी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर निघालेला दादा जिन्यातून "येतो" म्हणाला होता. आई कणीक मळता मळता "ये" म्हणाली होती. आणि स्टेशनच्या अलीकडे एका ट्रकनं दादाची स्कूटर उडवली.

वडील केव्हाच गेलेले, म्हणून मणिकर्णिकेवर अग्नी विष्णूनं दिला. नंतर जो येईल तो एकच बोलायचा. "भाग्यवान हो. काशीत गेला. सुटला. आता येणं नाही नि जाणं नाही." विष्णूला वाटे, बोलणाऱ्याची मानगूट धरावी. सुटायचं होतं कोणाला? त्याचं म्हणणं सरळ होतं. दादा येतो म्हणाला, आई ये म्हणाली. त्या दोघांच्या मध्ये बोलायचं काशीला कारण काय?

घरातून निघून विष्णू बंगाली टोल्यात देवदत्तच्या सायबर कॅफेत जायचा. देवदत्त दादाचा दोस्त. गेल्या वर्षी त्यानं बापाच्या मिठाईच्या गोदामात चार कॉम्प्युटर मांडले होते आणि परदेशी टुरिस्टांची रीघ लागली होती. विष्णू कूलरमध्ये पाणी भरायचा, केर काढायचा आणि मग कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसायचा. आठवीत शाळा सुटलेली. इंग्रजी अक्षरं म्हणजे त्याला मुंग्यांची रांग. पण कुठं दाबायचं ते ठाऊक होतं.

दादाच्या खोलीत एक दाढीवाला साहेब भाड्यानं राहून गेला होता. प्रवासाला निघायच्या आधी लोकांनी घरबसल्या हिंदी शिकावी म्हणून त्यानं इंटरनेटवर एक पान बनवलं होतं. पानावर वाक्यं, वाक्यापुढे कर्ण्याचं छोटं चित्र. चित्र दाबलं की वाक्य ऐकू यायचं. आवाज दादाचा.

'नमस्ते. मेरा नाम मुकुल है.' 'कोई है?' 'कमरा मिलेगा?' 'पानी उबला हुआ है?' 'दरवाज़ा खोलिए.' आणि सगळ्यांत खाली, निरोप घेताना म्हणायचं वाक्य, 'आता हूँ.'

त्या वाक्यावरून देवदत्तनं दादाची फार खेचली होती. "अबे, जाताना आता हूँ कोण म्हणतं? चलता हूँ म्हण. बिचारे गोरे निघताना आता हूँ म्हणतील आणि लोक त्यांची वाट बघत बसतील!"

"बसू देत," दादा म्हणाला होता. "आमच्या घरात चलता हूँ कोणी म्हणत नाही."

ते रेकॉर्डिंग दादाच्याच खोलीत झालेलं. दादा नेहमीच्या, निघतानाच्या आवाजात "आता हूँ" म्हणाला आणि खालच्या मजल्यावर काय चाललंय त्याची गंधवार्ता नसलेली आई सवयीनं स्वैपाकघरातून ओरडली, "ये!" साहेब म्हणाला, पुन्हा घेऊ. दादा हसला. म्हणाला, "राहू दे. जवाब मिळाल्याशिवाय निघायचं नसतं."

म्हणून जगात जो कोणी ते चित्र दाबी, त्याला आधी दादा ऐकू यायचा, मग कुकरची बारीक शिट्टी, आणि मग लांबून एका बाईचं "ये".

विष्णू ते रोज ऐकायचा. आजूबाजूला टुरिस्ट कानांत हेडफोन घालून ओठ हलवत बसलेले असायचे. आधी ओठांतल्या ओठांत वाक्य घोळवायचं, मग हळूच तोंडातून काढून बघायचं. सगळ्यांच्या तोंडी दादाची हिंदी. विष्णूला ते आवडायचं. वाटायचं, राख झाली म्हणता ना? ऐका आता.

२

मे महिन्यातली दुपार. बाहेर लू, उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुटलेली. विष्णूनं ओळीनं सगळी वाक्यं ऐकली आणि शेवटचं चित्र दाबलं.

"आता हूँ."

आणि पुढे काही नाही.

त्यानं पुन्हा दाबलं. "आता हूँ." कुकर नाही, आई नाही. मात्र मागे काहीतरी होतं. त्यानं हेडफोन कानांवर दाबून धरले. गर्दीची गाज. लाउडस्पीकरवरून एक बाई काहीतरी सांगत होती आणि तिच्या बोलण्यावरून इंजिनाचा भोंगा सरकत गेला.

"देवदत्तभाऊ!"

"काय रे? फुटला का कूलर?"

"इथली आई कुठं गेली?"

देवदत्तनं हेडफोन कानाला लावले, चित्र दाबलं. त्याचा चेहरा तसाच राहिला, पण त्यानं दुसऱ्यांदा दाबलं हे विष्णूनं पाहिलं.

"साहेबानं नवीन घातलं असेल."

"नवीन? कोणाला बसवून?"

"तसं नाही रे. दोन-तीन वेळा घेतलं असेल त्यानं. त्यातलं दुसरं लावलं असेल."

"दादाच्या खोलीत रेलगाडी येते?"

"बाहेरचे आवाज मिसळतात यार. तू घरी जा, झोप जरा. शक्ल बघ काय झालीय."

विष्णूनं विचार केला. खरंच तसं असेल. साहेबानं दादाला स्टेशनवरही बोलायला लावलं असेल. भाड्याच्या खोलीसाठी टुरिस्ट आणायला दादा तिथं रोजच जायचा. असं असेल, तसं असेल, असं म्हणत तो घाटाघाटानं घरी आला. पायऱ्या तापलेल्या. तुळईवर पाय पडावा तसा तो सांभाळून चालत होता आणि का ते त्याला कळत नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी मागे गाडी नव्हती. ऑटो होते. एक ड्रायव्हर गळा काढून ओरडत होता, "गोदौलिया, गोदौलिया!" हा मैदागिनचा चौरस्ता, विष्णूनं डोळे मिटून सांगितलं असतं. स्टेशनवरून घरी यायच्या वाटेवर तो लागतो.

वाक्य तेच. "आता हूँ." तोच दादा, आणि वाक्य संपल्यावर तीच थांबलेली जागा. कोणी काही बोलेल म्हणून ताटकळल्यासारखी.

त्यानंतर एका दुपारी चौकातल्या दुकानांचा कलकलाट. मग एकदा आवाज इतके गच्च झाले, की वाक्य जेमतेम ऐकू आलं. ठण, ठण, ठण. विष्णू खुर्चीतच ताठ झाला. ठठेरी बाजार. पितळेच्या पत्र्यावर पडणारे हातोडे. लहानपणी दादा त्याला खांद्यावर बसवून तिथून न्यायचा आणि त्याचे कान स्वतःच्या हातांनी झाकायचा.

"भाऊ, तो घरी यायला निघालाय."

देवदत्त कोणाचे तरी सुटे पैसे मोजत होता. तो थांबला. "कोण?"

"दादा. रोज थोडा जवळ येतोय. ऐक ना. ठठेरी बाजारात पोचला."

देवदत्तनं ऐकलं. मग शांतपणे उठून, भिंतीतून टेलिफोनची तार काढून हातात धरली. "हे बघ. लाइन सकाळपासून मेलेली आहे. नेट नाही. तू ऐकतोस ते मागंच या मशीनमध्ये येऊन पडलेलं. ते बदलणार कसं? मला सांग, कसं बदलणार?"

"तेच तर मी म्हणतोय."

"विष्णू, ऐक माझं. मलाही त्याची आठवण येते रे. पण तू हे बंद कर."

"का? तुला ऐकू येत नाही? हातोडे ऐकू आले की नाही, खरं सांग!"

देवदत्तनं तार परत खोचली. मग पुन्हा सुटे पैसे मोजू लागला.

विष्णूला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. शब्दाचा पक्का होता दादा. येतो म्हणाला होता. सगळ्या काशीला, मणिकर्णिकेला, त्या भाग्यवान भाग्यवान म्हणणाऱ्यांना पुरून उरला. चालत येत होता.

४

घरी यज्ञेश्वरकाका आले होते. वडिलांचे चुलतभाऊ, दादाचं सगळं क्रियाकर्म त्यांनीच केलेलं. विष्णूला पोटात ठेवता येईना. जिना चढता चढताच तो बोलून मोकळा झाला. स्टेशन, मैदागिन, चौक, ठठेरी बाजार.

काकांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "त्या मशीनसमोर बसू नकोस, विष्णू."

"दादा आहे तो."

"मरताना मुकुलच्या कानात विश्वनाथानं तारक मंत्र सांगितला. तो मोकळा झाला. त्याच्या नावानं कोणाला हाका घालू नकोस."

"मी कुठं हाक घालतोय? तोच येतोय! आणि विश्वनाथाला काय घाई होती कानात सांगायची? विचारलं होतं का त्यानं घरी कोणाला?"

"तोंड सांभाळ!"

"नाही सांभाळत."

काका उठले. दाराशी जाऊन आईकडे वळून त्यांनी "येतो वहिनी" म्हटलं. आईनं मान खाली घातली. काका उत्तरासाठी थांबले नाहीत, आणि जाताना त्यांनी खालचं दार नीट ओढून घेतल्याचा आवाज वरपर्यंत आला.

आई तांदूळ निवडत होती. बोटं तशीच चालू ठेवून तिनं विचारलं, "कुठवर आला म्हणालास?"

"ठठेरी बाजार."

"उन्हाचा चालतोय."

"आई, त्यातलं तुझं ये नाहीसं झालंय. तू म्हणायचं सोडलंस ना, म्हणून. तो आला आणि आता हूँ म्हणाला की तू फक्त ये म्हण. एवढंच कर. म्हणशील?"

आईनं तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "उद्या आमटी करते," ती म्हणाली. "चिंचगुळाची. हिंदुस्थानी दाल घशाखाली उतरायची नाही त्याच्या."

५

दुसऱ्या दिवशी विष्णू जेवणाआधीच कॅफेत गेला. त्याच्या शेजारी एक उंच, उन्हानं लाल झालेली बाई बसली होती. संध्याकाळची तिची गाडी होती. जाता जाता उजळणी करत असावी. तिचे ओठ हलत होते. आवाज न करता आधी वाक्य चघळायचं, थांबायचं, मग बोलायचं. विष्णूकडे बघून हसत ती म्हणाली, "कमरा मिलेगा?"

विष्णू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. 'कमरा'तल्या 'क'वर दादा एक हलका ठोका द्यायचा. तो तिनं अगदी तस्सा दिला होता. 'मिलेगा'चा शेवट जिथं तो उचलायचा, तिथंच तिनं उचलला. बाईचा आवाज, आणि त्याच्या आत दादा.

"अच्छा है?" तिनं विचारलं.

"अच्छा है," विष्णू म्हणाला आणि त्याच क्षणी त्याच्या मनात एक गोष्ट आली. ती आली नसती तर बरं झालं असतं.

दादासारखं बोलायला दादाच असावं लागत नव्हतं. पुष्कळ वेळ ऐकलं की झालं.

त्यानं हेडफोन चढवले. आज त्यानं शेवटचं चित्र दाबलं नाही, पहिलं दाबलं. 'नमस्ते. मेरा नाम मुकुल है.' इतके दिवस तो फक्त शेवटच्या वाक्याच्या मागे धावत होता, बाकीची नीट ऐकलीच नव्हती. आता ऐकलं. 'मेरा नाम'च्या आधी काहीतरी होतं. अगदी बारीक, ओलसर. त्यानं पुन्हा दाबलं. ओठ एकमेकांवर आपटल्याचा आवाज. म… म… मु… आणि मग स्पष्ट, दादाच्या आवाजात, "मुकुल है."

स्वतःचं नाव घेताना माणूस आधी ओठांत घोळवतो का?

'कोई है?' आधी ओठ. 'दरवाज़ा खोलिए.' आधी ओठ. कोणीतरी पाठ करत होतं. आणि चुका कमी होत चालल्या होत्या.

विष्णूनं शेवटचं चित्र दाबलं.

मागे हातोडे नव्हते. वेदपाठशाळेतली मुलं एका सुरात ऋचा म्हणत होती. ती पाठशाळा त्यांच्याच गल्लीत. मग हापशाचा दांडा करकरला. तो हापसा त्यांच्याच दारात. ओठ हलले. "आता हूँ." आणि त्या थांबलेल्या जागेत, वरच्या मजल्यावरून, कुकरची शिट्टी.

जुन्या रेकॉर्डिंगमध्येही कुकरची शिट्टी होती, विष्णूनं स्वतःला सांगितलं. तीच असेल. पण पाठोपाठ भांडं सरकवल्याचा आवाज आला आणि आई खोकली. हा कोरडा खोकला तिला कालपासूनच झाला होता.

खुर्ची उलटी पडली. देवदत्त मागून "अबे, सुन तो!" म्हणत राहिला. विष्णू रस्त्यावर पोचलासुद्धा होता.

६

घाटांवरून धावत सुटला तो. गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा छाती फुटायला आली होती. पाठशाळेतली मुलं जेवणासाठी पांगलेली, आतून एकही आवाज नव्हता. हापशाखालची फरशी ओली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

खालचं दार सताड उघडं. आईनं उघडं ठेवलं होतं.

तो आत घुसला, दोन्ही फळ्या लोटल्या, वरची कडी लावली, खालची लावली, आडणा टाकला. मग जिना चढून वर. स्वैपाकघरात तीन पाट मांडलेले. तीन ताटं, तीन वाट्या. आमटीचा चिंचेचा वास. आईनं पातळ बदललं होतं.

"आला का?" तिनं विचारलं.

"आई, तो दादा नाही. काही बोलू नकोस. काहीही ऐकलंस तरी..."

खाली दारावर थाप पडली.

आईचा चेहरा इतका उजळला, की विष्णूला तिच्याकडे बघवेना. तिनं उठायला हात टेकला. "नाही!" म्हणत त्यानं तिला खांदे धरून परत पाटावर बसवलं, जोरात बसवलं, आणि तो जिना उतरून दाराशी आला.

खाली नेहमीच अंधार असे. दाराच्या दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर फट, तेवढाच उजेडाचा पट्टा. तो पट्टा मध्येच तुटला होता. बाहेर कोणीतरी उभं होतं.

"कोई है?"

दादा. हुबेहूब दादा. विष्णूचा हात आपोआप कडीकडे गेला. तो हात दुसऱ्या हातानं धरावा लागला.

"कोण आहे?"

बाहेर ओठ हलल्याचा आवाज. "नमस्ते. मेरा नाम मुकुल है."

"मराठीत बोल."

काही नाही.

"दादा असशील तर मराठीत बोल! मला काय म्हणायचास? घरात मला काय हाक मारायचास, ते सांग आणि आत ये. आडणा मी स्वतः काढतो."

त्याला खरोखरच वाटत होतं की आता ते ऐकू येईल. एक शब्द. जगात दोघांनाच ठाऊक असलेला तो फालतू, चिडवायचा शब्द. तो आला असता तर बाहेर काहीही उभं असतं तरी विष्णूनं दार उघडलं असतं.

"कमरा मिलेगा?" दादाचा आवाज म्हणाला. "पानी उबला हुआ है? दरवाज़ा खोलिए."

विष्णूनं फटीला डोळा लावला.

जे दिसलं ते थोडंच दिसलं. बाहेरचा पांढरा उजेड आणि त्यात, त्याच्या डोळ्यापासून वीतभरावर, एक तोंड. ओठ आवाजाशिवाय हलत होते. चघळत होते. एका शब्दाशी झगडत होते, मोडत होते, पुन्हा जुळवत होते. ते ओठ दादाचे होते की नव्हते, हे देवदत्तनं पुढे पुष्कळ वेळा विचारलं. विष्णूनं कधी सांगितलं नाही.

"आता…" ते तोंड म्हणालं. "आता…"

"आता म्हणतोय तो!" आई वरून ओरडली. तिच्या कानांना ते मराठी वाटलं होतं. "आता म्हणतोय, विष्णू! ये म्हणू का रे? मी म्हणते!"

"नाही, आई!"

आणि मग बाहेरून तो एक शब्द आला. दादाच्या आवाजात नाही. लांबून आल्यासारखा, कणकेचे हात असल्यासारखा, लाडाचा. आईच्या आवाजात.

"ये."

त्या पानावरचा एकमेव मराठी शब्द. तो तिथून नाहीसा झाला नव्हता. कोणीतरी तो उचलून आपल्याजवळ ठेवला होता.

वर आईचा श्वास अडकल्याचं विष्णूला जिन्याच्या तळाशी ऐकू आलं. आपलाच आवाज गल्लीतून ऐकल्यावर माणूस काय करेल? फटीतल्या ओठांचे कोपरे वर गेले. कडी हलली. खालची नव्हे, वरची. ती आतल्या बाजूला होती.

विष्णूचं डोकं फिरलं. भीतीनं नाही. हा शब्द आईचा होता, दादासाठी होता. तो या तोंडात कसा? त्यानं दोन्ही हातांनी कडी दाबून धरली, कपाळ फळीवर आपटलं आणि त्या घरात उंबऱ्यापाशी कधी कोणी कोणाला उच्चारला नव्हता, तो शब्द अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला.

"जा!"

ओठ थांबले.

"जा! ऐकलंस? येतो नाही, ये नाही. जा! दादाच्या नावाला हात लावायचा नाही, आईच्या शब्दाला लावायचा नाही. चालता हो. जा!"

फटीतला उजेडाचा पट्टा हळूहळू सबंध झाला.

७

आई खाली आली ती भिंतीला धरून. तिनं विष्णूच्या थोबाडीत मारली. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा. "कोणाला जा म्हणालास?" तिनं विचारलं. "माझ्या दारातून कोणाला जा म्हणालास?"

"जो आला होता त्याला."

ती पायरीवर बसली. रडली, फाल्गुनात रडली नव्हती इतकं. विष्णू तिच्या शेजारी बसून राहिला. हात कडीवरच होता. नंतर दोघं वर गेली, आणि तिसरं ताट आईनं न बोलता उचलून ठेवलं. आमटी गार झाली होती. तशीच खाल्ली.

सकाळी विष्णूनं चपला घातल्या. जिन्याच्या तोंडाशी तो सवयीनं म्हणाला, "आई, येतो," आणि पायरी उतरू लागला. उत्तराची त्याला अपेक्षा नव्हती.

"विष्णू."

तो थांबला.

आई स्वैपाकघराच्या दारात उभी होती. शब्द तोंडात धरून, तो आपलाच आहे ना, याची खात्री करत असल्यासारखी. मग म्हणाली, "ये."

कॅफेत देवदत्त त्याची वाटच बघत होता. लाल बाई गेली होती. कोपऱ्यातलं मशीन चालू होतं आणि खुर्ची सरळ करून ठेवलेली.

"ऐकलंस का?" विष्णूनं विचारलं.

"ऐकलं." देवदत्तचा आवाज बसला होता. "विष्णू, त्यात तुझा आवाज आहे यार. कुठून आला? मी पुसून टाकतो ते. पूरा मशीनच धुऊन काढतो."

"थांब."

विष्णूनं हेडफोन चढवले आणि शेवटचं चित्र दाबलं. मागे काहीही नव्हतं. ना गल्ली, ना हापसा. "आता हूँ." आणि त्या थांबलेल्या जागेत, बंद दारापलीकडून आल्यासारखं, पण खणखणीत, त्याचं स्वतःचं, "जा!"

त्याला हसू आलं. जगात कुठंकुठं लोक आपल्या घरी बसून हे दाबतील. आता हूँ, जा. असेच पाठ करून इथं येतील. येऊ देत.

तो हेडफोन काढणार, इतक्यात ऐकू आलं. वाक्य संपलं होतं, पण चित्र विझलं नव्हतं. मागे, खूप मागे, ओठ हलत होते. नवीन शब्द मिळाला होता आणि कोणीतरी तो घोळवत होतं. मराठी त्याला येत नव्हती. जमेल तसं आपल्या हिंदीत बसवून बघत होतं.

आ… जा.

आ जा.

विष्णूचा चेहरा बघून देवदत्तनं बटणाकडे हात नेला. विष्णूनं तो हात झटकला, टेबलावरचा धुळकट माइक ओढून तोंडाशी घेतला आणि शाळेत आठवीपर्यंत त्याच्यावर ओरडणारे सगळे मास्तर एका आवाजात गोळा करून म्हणाला,

"चुकलं. आ नाही. नुसतं जा. म्हण."